भाऊसाहेब दुलई टाचतात

पूल तपासणं हा भाऊसाहेबांचा धंदा. सरकारी नोकरी, हातात छोटी हातोडी, आणि समोर हात चोळत उभा असलेला ठेकेदार. भाऊसाहेब पुलाखाली उतरायचे, खांबावर टकटक करायचे, कान लावायचे, आणि वर येऊन फक्त एक शब्द बोलायचे. पास, नाहीतर नापास. त्या एका शब्दासाठी मोठमोठे ठेकेदार रात्र रात्र झोपायचे नाहीत. रिटायर होईपर्यंत भाऊसाहेबांना मात्र कुणी उलटून नापास म्हणालं नव्हतं. तो मान शेवटी एका सिस्टरबाईंनी मिळवला, आणि तोसुद्धा पुलावरून नाही, दुलईवरून.

दुलई केवढी, तर जेवणाच्या टेबलावर पसरली तर टेबलाच्या चारी कडा उघड्या राहाव्यात एवढी. तान्ह्या बाळाची दुलई आणखी केवढी असणार?

ती मुळात काकूंची. काकू म्हणजे भाऊसाहेबांच्या घरच्या. सगळी बिल्डिंग त्यांना काकू म्हणते, म्हणून आपणही म्हणू. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून काकूंनी तुकडे जमवायला घेतले. लेकीच्या लहानपणीचे फ्रॉक, जावयाचा विटलेला कुर्ता, आणि भाऊसाहेबांचा एक निळा शर्ट. तो कापताना त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं नव्हतं, पण तो विषय आता मिटला आहे; निदान काकूंच्या बाजूने तरी मिटला आहे. वरचा थर तुकड्यांचा, खालचा मऊ सुती कापडाचा, मध्ये कापसाचा पातळ पदर. कडा शिवून झाल्या होत्या. राहिलं होतं ते टाचायचं. टाचायचं म्हणजे तिन्ही थर जागोजागी एकमेकांना धरून ठेवायचे. हे नाही केलं तर पहिल्याच धुण्यात सगळा कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसतो आणि बाळाच्या अंगावर नुसतं दुहेरी फडकं उरतं.

"अजून दीड महिना आहे," काकू म्हणाल्या. "आरामात टाचीन."

नातीला हा आराम मंजूर नव्हता. ती दीड महिना आधीच हजर झाली. फोन आला तशा काकू धावत सुटल्या, आणि हॉस्पिटलच्या दारात स्वतःच्याच चपलेत पाय अडकून उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. वरच्या मजल्यावर नात काचेच्या पेटीत, खालच्या मजल्यावर आजी प्लास्टरमध्ये, आणि भाऊसाहेब दिवसभर जिन्यावर. आनंद करावा की काळजी, हे ठरवायला त्यांना एक पायरीसुद्धा स्वस्थ मिळाली नाही.

बाळ ठणठणीत होतं, फक्त फार लहान होतं. डॉक्टर म्हणाले, अंगाची ऊब अंगात टिकायला लागली, थोडं वजन चढलं, की पेटीतून बाहेर काढू. तोवर लेकीने पेटीच्या भोकातून हात घालायचा आणि एका बोटाने तिला शिवायचं, एवढीच परवानगी. लेक दिवसभर त्या पेटीपाशी बसून असायची. फारसं बोलायची नाही. एका सकाळी तिचा फोन आला.

"आई, तू म्हणाली होतीस ना, ती पहिल्यांदा कुशीत येईल ती तुझ्या दुलईत येईल? झाली का गं दुलई?"

"झालीच म्हणून समज," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, गळ्यातल्या झोळीत अडकवलेल्या हाताकडे बघितलं, आणि त्यांना रडू फुटलं.

सिनेमा बघताना सोडलं तर भाऊसाहेबांनी काकूंना रडताना फारसं पाहिलेलं नव्हतं. माणूस अशा वेळी काहीतरी बोलून जातो आणि मग जन्मभर निस्तरत बसतो.

"मी टाचतो," ते म्हणाले.

काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं. "काय करता?"

"दुलई टाचतो. त्यात काय एवढं?"

"अहो, तुम्ही बटण लावलंत की शर्ट बंद होत नाही."

"बटणाची गोष्ट वेगळी," भाऊसाहेब म्हणाले. "हे बांधकाम आहे."

काकूंचं म्हणणं, मशीनवर टाचा, मी शेजारी बसून सांगते. पण काकूंच्या मशीनला भाऊसाहेब मनातून टरकून होते. लेकीने पहिल्या पगारातून आईला घेतलेलं ते विजेवरचं मशीन. त्याला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. भाऊसाहेबांनी एकदा त्याच्यावर चष्मा ठेवला होता, तेवढ्यावरून दोन दिवस अबोला. त्यामुळे समोरच्या वकीलबाई डोकावल्या आणि त्यांनी दुसरा मार्ग सांगितला, तेव्हा भाऊसाहेबांना हायसं वाटलं.

वकीलबाईंची वकिली कोर्टात किती चालते हे कोर्टाला माहीत. जिन्यात मात्र जोरात चालते. "मशीन-बिशीन कशाला?" त्या म्हणाल्या. "जाड लोकर घ्या, आरपार टाका घ्या, वर गाठ मारा आणि गोंडा सोडा. कसली गोड दिसते दुलई! माझ्या मामेबहिणीने केली होती. पाहुणे बाळाला बघायचं सोडून दुलईच बघायचे."

काकू औषध घेऊन झोपल्या होत्या. भाऊसाहेबांनी ऑफिसची जुनी पोलादी टेप काढली. चार-चार बोटांवर खडूच्या खुणा केल्या, आडव्या-उभ्या रेघा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत की नाहीत ते कर्णावरून तपासलं. गाठ मारली ती साधीसुधी नाही, परांचीच्या बांबूंना मारतात ती, जिच्यावर माणसं उभी राहून खांब ओततात. वर लाल-पिवळे गोंडे. एवढ्यावर थांबतील तर ते भाऊसाहेब कसले? त्यांनी एका गाठीला कुंडी टांगून दुलई दाराच्या कडीला अडकवली आणि समोर खुर्ची टाकून बसले. गाठ हलली नाही. वकीलबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने काकू जाग्या झाल्या, बाहेर आल्या, कुंडीकडे बघितलं, दुलईकडे बघितलं, आणि काही न बोलता परत आत गेल्या. भाऊसाहेबांनी त्याचा अर्थ कौतुक असा घेतला.

नवजात बाळांच्या वॉर्डात मोठ्या सिस्टर होत्या. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी दुलई हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग एक गोंडा चिमटीत धरला आणि त्यातला एक धागा हलकेच ओढला. धागा अलगद त्यांच्या बोटात आला.

"हे काय?"

"लोकर," भाऊसाहेब म्हणाले.

"नाही चालणार."

भाऊसाहेबांना आधी कळलंच नाही की हे आपल्याला म्हणतायत. "बाई, ती गाठ बघा. परांचीची गाठ आहे. काही झालं तरी सुटणार नाही."

"तीच तर भानगड आहे ना, साहेब. गाठ सुटणार नाही. हा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर गाठ राहील आणि बोट काळंनिळं पडेल. तोंडात गेला तर आणखीच पंचाईत." त्यांनी दुलईची घडी घालून परत दिली. "गाठ नको, गोंडा नको, एकसुद्धा सुटा दोरा नको. गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, स्वच्छ पिशवीतून आणा. आणि जरा लवकर बघा. छान वजन धरलंय तिने. याच आठवड्यात बाहेर काढतील."

म्हणजे नापास! उभ्या जन्मात पहिल्यांदा! आणि कुणासमोर, तर प्रत्यक्ष जावयासमोर. जावई बिचारा भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र असं निरखायला लागला की जणू त्याला त्यावर परीक्षा द्यायची आहे. भाऊसाहेबांचे कान तापले. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना काय काय ऐकवायचं, याची त्यांनी मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली. "मी स्वतः कित्येक वर्षं तपासणीच्या कामात असून" इथपर्यंत ते पोचले, आणि तेवढ्यात काचेपाशी आले.

नात झोपली होती. एक हात वर करून, मूठ अर्धी उघडी ठेवून. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि काचेला नाक लावलं. त्या मुठीतली बोटं! त्यांच्या गोंड्यातल्या लोकरीशेजारी ठेवली असती तर लोकर कुठली आणि बोट कुठलं हे सांगताना पंचाईत झाली असती. आणि एवढ्याशा बोटांनासुद्धा पेरं होती. प्रत्येक बोटाला, अगदी करंगळीलासुद्धा, जिथल्या तिथे. भाऊसाहेब बघतच राहिले. जुळवून ठेवलेलं सगळं भाषण विरून गेलं. याहून कमी कारणावरून आपण पूल नापास केलेत, हे त्यांना आठवलं.

"बरोबर आहे हो त्यांचं," ते जावयाला म्हणाले. "त्यांनी सगळे गोंडे ओढून बघायला हवे होते."

घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्या गाठी कापल्या. परांचीच्या गाठी त्या. कापता कापता अंगठ्याला फोड आला.

"आता माझं ऐकता?" काकू म्हणाल्या.

"सांग."

"मशीनला नागमोडी टाका असतो. तो लावायचा, पण कापड पुढे जाऊ द्यायचं नाही. सुई जागच्या जागी डावी-उजवी, डावी-उजवी. तांदळाच्या दाण्याएवढा घट्ट टाका पडतो. वर गाठ नाही, गोंडा नाही. दोऱ्याची टोकं सुईने आत ओढून घ्यायची की झालं. तुमच्या सिस्टरबाईंनी नखाने खरवडलं तरी हलायचा नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

यावर काकूंनी ज्या नजरेने बघितलं, तिचं वर्णन न केलेलं बरं.

सकाळ-संध्याकाळ हॉस्पिटलच्या वेळा, त्यामुळे काम दुपारी. भाऊसाहेब मशीनसमोर बसले, काकू डाव्या बाजूला खुर्ची ओढून. दोरा ओवण्यातच निम्मी दुपार गेली. तो दोरा काय सरळ सुईत जातो? या कड्यातून वर, त्या खाचेतून खाली, परत वर, परत खाली, आणि एवढा प्रवास करून सुईच्या नाकाशी आला की तिथे नेमका फाटे फोडून उभा. भाऊसाहेबांनी तो ओला केला, कापला, पुन्हा ओला केला. शेवटी ओवला गेला तेव्हा त्यांनी काकूंशी हात मिळवायला हात पुढे केला, पण काकूंचा तो हात प्लास्टरमध्ये होता.

मग त्यांनी पायाखालचं बटण दाबलं. खात्याच्या जीपचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबायचे तसं. मशीनच्या खाली कापड पुढे सरकवणारे दाते असतात. एका जागी टाका घालायचा तर ते आधी खाली पाडावे लागतात. काकूंनी ते तीनदा सांगितलं होतं. भाऊसाहेबांनी तीनदा मान हलवली होती. आता मशीन खडाखडा गर्जलं आणि दुलई टेबलावरून जी निघाली ती थेट खिडकीच्या दिशेने, मागून भाऊसाहेबांचे दोन्ही हात.

"अगं, ब्रेक कुठाय याला?"

"पाय उचला! पाय!"

भाऊसाहेबांनी घाईघाईत रिकामा पाय उचलला. दुलईवर कोपऱ्यापासून मधोमधपर्यंत एक डुलत डुलत गेलेली नागमोडी रेघ उमटली. ती उसवण्यात उरलेली दुपार गेली.

दुसऱ्या दुपारी सुई मोडली. टणकन आवाज झाला आणि टोक कुठेतरी उडालं. भाऊसाहेब नवी सुई शोधायला लागले, तर काकूंनी दुलईवर डावा हात ठेवला.

"आधी तो तुकडा सापडला पाहिजे."

"अगं, पडला असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे दुलईत पडला असेल तर? तिच्या अंगावर घालायचीय ही. तुकडा हातात येईपर्यंत पुढचा टाका नाही."

भाऊसाहेब गुमान गुडघ्यांवर बसले. जमीन चाचपली, दुलई बोट बोट चाचपली, स्वतःचे खिसे उलटे केले. मदतीला वकीलबाई आल्या. त्यांनी लोहचुंबक आणा म्हणून सांगितलं, ते कुणाकडेच नव्हतं, आणि मग सुया मोडण्याबद्दल मामेबहिणीची एक हकीकत सांगितली, ती बराच वेळ चालली. शेवटी भाऊसाहेबांनी थकून गार झालेला चहा उचलला आणि कपाच्या तळाशी काहीतरी चमकलं. तो घोट त्यांनी घेतला नाही, एवढी नातीची पुण्याई.

तरी टाका काही नीट पडेना. वरून बरा दिसायचा, खाली दोऱ्याचं हे एवढं जंजाळ. काकू म्हणाल्या, सुईखालची पट्टी काढा, आतला गुंता साफ करा, आणि सुई हाताने फिरवून बघा दोरा कुठे अडकतोय. भाऊसाहेबांनी दोन स्क्रू काढले, गुंता उपसला, चष्मा कपाळावर चढवला आणि बाजूचं चाक हळूहळू फिरवलं.

सुई दोरा घेऊन खाली गेली. खाली जाऊन किंचित, अगदी किंचित वर आली, आणि तेवढ्यात दोऱ्याचा एक फासा सुईमागे सैल पडला. अंधारातून एक आकडा फिरत आला, त्याने तो फासा नेमका उचलला, आणि तो फासा खालच्या दोऱ्याच्या अख्ख्या रिळाभोवती फिरवून पलीकडे सोडून दिला. वरचा दोरा वर खेचला गेला. कापडाच्या पोटात, ना वर ना खाली, बरोबर मध्ये दोन्ही दोऱ्यांनी एकमेकांना धरलं.

भाऊसाहेबांनी चाक थांबवलं. मग परत फिरवलं. मग परत.

"काय झालं? मोडलंत का?" काकूंनी धास्तीने विचारलं.

"अगं, हा वरचा दोरा खालच्या रिळाला वळसा घालून येतो!" भाऊसाहेबांचा आवाज वेगळाच लागला होता. "सुई जराशी वर येते, तेवढ्या एका क्षणात तो आकडा तिथे हजर! केसाएवढा उशीर झाला तर टाका नाही. आणि हे वर्षानुवर्षं आमच्या घरात, या खिडकीपाशी चाललंय? एका मिनिटात शेकडो वेळा? आणि मी शेजारी बसून पेपर वाचतोय?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल," काकू म्हणाल्या. "पूलवाले तुम्ही."

"कोणी काढलं असेल गं हे डोक्यातून?"

काकू खुर्ची पुढे ओढून वाकल्या. शिवत आल्या होत्या त्या जन्मभर, पण पट्टी उघडून चाक इतकं हळू फिरवायला त्यांना तरी कुठे सवड मिळाली होती? दोन पांढरी डोकी त्या भोकावर वाकली, आणि भाऊसाहेबांनी चाक फिरवलं. "हं, आता बघ. आता येईल. आला!" काकूंनी तोंडावर हात ठेवला.

भाऊसाहेबांना राहवेना. त्यांनी हॉस्पिटलात लेकीला फोन लावला आणि आकडा, फासा, रीळ, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे लेक हसायला लागली. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा, अगदी खळखळून.

"बाबा, तुम्ही रडताय का?"

"छे! मशीनचं तेल गेलं डोळ्यात."

त्यानंतर मशीन जे वठणीवर आलं, ते आलंच. की भाऊसाहेबच वठणीवर आले, ते मशीनला विचारावं लागेल. दाते खाली, पाय हलका, डावी-उजवी, डावी-उजवी, थांब. दाण्यासारखा टाका. पुढची खूण. खड्खड्खड्, थांब. प्रत्येक टाक्याला भाऊसाहेब दुलई उलटून बघायचे आणि 'पास' म्हणायचे. काकू खूश होऊन जवळ जवळ सरकत होत्या. शेवटची ओळ आली. भाऊसाहेबांनी श्वास रोखून बटण दाबलं, आणि अर्ध्या टाक्यात दाराची बेल कर्कश वाजली.

भाऊसाहेब दचकले, पाय सुटला, सुई खाली कापडातच राहिली. काकू दार उघडायला उठायला गेल्या आणि मान खाली ओढली जाऊन परत बसल्या.

"अहो, मला का धरलंय?"

"मी कुठे धरलंय?"

दोघांनी खाली बघितलं. काकूंच्या झोळीचा सोगा दुलईखाली शिरला होता, आणि भाऊसाहेबांनी तो दुलईसकट टाचला होता.

बेल परत वाजली.

"सुई वर घ्या आधी!"

"आत्ता घेतली तर टाका अर्धा राहील. सुटा दोरा नको म्हणाल्यात त्या!"

"मग पुरा करा!"

"बेल वाजतेय, मला सुधरत नाहीये!"

यावर जो उपाय निघाला तो शांत डोक्याने निघाला नसता. भाऊसाहेबांनी मशीनची वायर काढली, मशीन दुलईसकट छातीशी उचललं, आणि काकू मान वाकडी करून त्यांच्या दंडाला चिकटून, "सावकाश, खुर्ची आहे, आता डावीकडे," असं करत ही वरात दारापर्यंत गेली. कडी भाऊसाहेबांनी कोपराने काढली.

दारात सेक्रेटरी उभे होते. बिल्डिंगचे सेक्रेटरी, राहायला बरोबर खालच्या मजल्यावर. त्यांना नियम तोंडपाठ आणि झोप फार प्यारी. बोलायचं सगळं ते जिन्यातच ठरवून आले होते.

"दुपारी दोन ते चार शांतता, हा नियम आहे. शिवाय घरात शिवणकामाचा उद्योग चालवायचा असेल तर कमिटीची परवानगी लागते. कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात. तोपर्यंत..." इथे त्यांची नजर वर आली. "हे काय आहे?"

"दुलई," दोघं एकदम म्हणाले.

"मशीन कशाला उचललंय?"

"आम्ही शिवले गेलोय," भाऊसाहेब म्हणाले. पूल पाडायचा हुकूम दिला असता त्याच भारदस्तपणे म्हणाले, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

"पुढच्या महिन्यात काय करायचीय परवानगी?" काकू वाकड्या मानेनेच म्हणाल्या. "याच आठवड्यात काढतायत तिला पेटीतून. तिची आई वाट बघतेय हो."

"कुठल्या पेटीतून?"

"काचेच्या. नात आहे आमची. दीड महिना आधी झाली."

सेक्रेटरींनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत येऊन मशीनला खालून हात दिला.

"आमचा धाकटा होता तसल्या पेटीत," ते म्हणाले. "एका तळहातावर मावायचा. हात लावायची भीती वाटायची. आता दारातून येताना डोकं आपटतं त्याचं."

"खरंच?" काकूंनी विचारलं.

"रोज आपटतं. मीच ओरडतो."

काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला मोकळा हात सापडेना. ते पाणी सेक्रेटरींनी पाहिलं नाही असं केलं. त्यांनी घसा साफ केला.

"शांततेच्या नियमातून वैद्यकीय कारणाला सूट आहे."

"दुलई वैद्यकीय कशी?" भाऊसाहेबांच्यातला तपासनीस जागा झाला.

"हॉस्पिटलने अटी घातल्यात ना? मग वैद्यकीयच. तुम्ही मध्ये बोलू नका."

मशीन टेबलावर आलं. सेक्रेटरी खाली जाऊन स्वतःची सतरंजी घेऊन आले आणि चार पदरी करून मशीनखाली घातली, म्हणजे सूटही राहील आणि झोपही. भाऊसाहेबांनी अर्धा टाका पुरा केला. मग कात्री उचलली, तर काकू ओरडल्या, "दुलईला कात्री लावाल तर खबरदार! आणि तो टाका उसवायचा नाही, कापडाला भोक पडेल. माझी झोळी कापा."

झोळी कापली. दुलईच्या पाठीला एक पांढरा त्रिकोणी तुकडा चिकटून राहिला. काकूंनी सांगितलं तशा भाऊसाहेबांनी त्याच्या कडा आत दुमडल्या आणि तिन्ही कोपरे टाचले. काकूंच्या हाताला तोवर भाऊसाहेबांच्या ऑफिसातल्या टायची झोळी करून झाली होती, बांधली सेक्रेटरींनी. वकीलबाई आवाज ऐकून आल्या आणि म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून मशीनच म्हणत होते."

गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून दुलई हॉस्पिटलात पोचली. मोठ्या सिस्टरांनी पिशवी उघडली, दुलई पसरली, आणि एकेक टाका बोटाने तपासायला घेतला. भाऊसाहेब समोर उभे होते. आपण हात चोळतोय हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. सिस्टर टाक्याला नख लावायच्या, खरवडायच्या, पुढे जायच्या. एकही टाका त्यांनी सोडला नाही. मग दुलई उलटी केली आणि थांबल्या.

"हा पांढरा तुकडा कसला?"

भाऊसाहेब हात चोळायचे थांबले. "ती... जरा चूक झाली."

सिस्टरांनी चष्म्यावरून काकूंकडे बघितलं. प्लास्टर, आणि ते गळ्यात बांधणारा जाड रेघांचा टाय. तुकड्याचे तिन्ही कोपरे ओढून बघितले. मग दुलईची घडी घातली आणि ती परत न देता आपल्या हातावर टाकली.

"चला," त्या म्हणाल्या. "आज काढायचंच आहे तिला."

पेटीचं झाकण उघडलं. लेक खुर्चीत बसली होती. सिस्टरांनी बाळ उचललं, लेकीच्या छातीवर ठेवलं आणि वरून दुलई घातली. लेकीने डोळे मिटून घेतले. "आई," ती एवढंच म्हणाली, आणि ते तिने काकूंना म्हटलं की नुसतंच म्हटलं, हे कळलं नाही. जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता. या वेळी भिंतीवर बघायला काहीच नव्हतं.

दुलईतून एक हात बाहेर आला आणि एका टाक्यावर विसावला. भाऊसाहेब वाकले. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, आणि त्याच्यावर टेकलेलं बोट. बोटाला नख होतं. ते नख टाक्याहून लहान होतं, आणि तरी पुरं होतं. त्याला वळण होतं, टोकाला पांढरी कडसुद्धा होती. इतकं बारीक काम भाऊसाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. मशीनचा तो आकडासुद्धा यापुढे ओबडधोबड होता.

"घ्या, आजोबा," सिस्टर म्हणाल्या.

"नको, नको," भाऊसाहेब मागे सरले. "माझे हात कापतात. हिला द्या."

"माझा एकच आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी भाऊसाहेबांना एका खुर्चीत बसवलं, आपली खुर्ची तिला भिडवून बसल्या आणि डावा हात पुढे केला. "तुमचा उजवा द्या इकडे. हं, माझ्या हाताखालून घ्या. घट्ट नको. असा."

दोघांच्या एकेका हातावर सिस्टरांनी नात ठेवली, दुलईसकट. वजन असं काही लागलंच नाही. फक्त ऊब लागली. तिने तोंड एवढंसं उघडून जांभई दिली, कूस बदलावी तशी जराशी हलली, आणि त्या दोन हातांवर झोपून गेली.

"हलू नका हं," सिस्टर म्हणाल्या.

भाऊसाहेब हलले नाहीत. पापणीसुद्धा हलवली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या पुलांना कान लावून बसलेला माणूस आता स्वतः भार घेऊन बसला होता, आणि आपल्याकडून काही करकरलं तर ही जागी होईल या धाकाने घामाघूम झाला होता. बघता बघता त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

काकूंनी मान न वळवता हळूच म्हटलं, "अहो, श्वास तरी घ्या."